आक्का, मोगऱ्याला कळ्या आल्या

आक्का, हे तुम्ही स्वतः वाचणार नाही माहितीय, नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि तुम्ही म्हणाल "हिला काय उद्योग न्हाय का". असू दे. तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "गप बस" म्हणून हातात लाडू ठेवता आणि विषय तिथेच संपतो, दोनदा झालंय असं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही वाईत राहतो, पुण्याहून येऊन 2 वर्षं झाली. होळीनंतरच्या रविवारी गणपती घाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरला, रोजची पायरी, कोण बघतं खाली, आणि घोटा असा सुजला की चप्पलसुद्धा जाईना. डॉक्टरांनी क्रेप बँडेज गुंडाळून सांगितलं, आठवडाभर पाय टेकवायचा नाही. नवरा शुक्रवारपर्यंत पुण्यात, पोरगी सातवीत, आणि मार्चचा तिसरा आठवडा, म्हणजे परसातलं सगळं नेमकं आत्ताच पाणी, खत, छाटणी मागणार. जानेवारीअखेर लावलेला दुधी मांडवावर चढलेला, भेंडीला नुकतीच दोन-दोन पानं, जास्वंदीवर पांढरी कीड. सोमवारी सकाळी मी खुर्चीत बसून रडायच्या बेतात होते आणि तुम्ही मागच्या दाराने आलात, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पिवळे.

त्या पिवळ्या हातांचा अर्थ मला नंतर कळला. तुमच्याकडे हळद शिजवायचं काम चालू होतं, शिजवून ती गच्चीवर वाळत घातलेली, रोज वरखाली करायला माणूस लागतं, आणि तुम्ही ते सुनेवर टाकून रोज सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे येत होतात. एका शब्दाने बोलला नाहीत. नातवाच्या तोंडून कळलं, तेही शनिवारी.

तर पहिल्याच दिवशी तुम्ही मोगऱ्याचं पाणी बंद केलंत. मी खुर्चीतून ओरडतेय, "आक्का, ऊन केवढं आहे, वाळेल तो," आणि तुम्ही पाइप उचलून सरळ भेंडीकडे. "तहान लागू दे त्याला जरा." माझ्या मोगऱ्याला गेल्या वर्षी अख्ख्या उन्हाळ्यात 11 फुलं आली होती, मी मोजली होती, पण झाड कसं हिरवंगार, डेरेदार, मला वाटायचं तब्येत चांगलीय. यूट्यूबवर बघून एप्सम सॉल्ट पण घालून झालं होतं. मराठी विश्वकोश ज्या गावात तयार झाला तिथे राहून एवढं साधं माहीत नसावं मला, की मोगरा नव्या फुटीवर फुलतो आणि मी जुन्या फांद्याच कौतुकाने सांभाळत बसले होते!

जास्वंदीचं मात्र तुम्ही मलाच करायला लावलंत. कुंडी उचलून माझ्या खुर्चीशी आणून ठेवली, हातात जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. "पाय मोडलाय, हात न्हाय." मग मी तासभर एकेक बेचका घासत बसले, तो कापसासारखा पांढरा थर निघाला की खाली चिकट डाग दिसायचा, आणि तुम्ही दाखवलंत मुंग्यांची रांग कशी त्या चिकट्यासाठी वर चढते, त्याच ती कीड इकडून तिकडे नेतात. मी इतके दिवस मुंग्या बघून म्हणत होते, चला, मुंग्या कीड खातायत. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल, थोडा साबण, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारलं, परत आठ दिवसांनी एकदा. गेली ती.

बुधवार रंगपंचमी, वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे भैरवनाथाच्या यात्रेतला बैलांनी ओढायचा उंच लाकडी गाडा. तुमचं माहेर. मी म्हटलं आज सुट्टी घ्या, आणि तुम्ही सकाळी गेलातही. नदीकाठच्या सोनेश्वराहून बगाड निघतं, बैलांच्या जोड्या बदलत बदलत शेतातून येतं, गावात पोचेपर्यंत दिवस कलतो, हे मलाही आता ठाऊक आहे, म्हणून साडेसहाला तुम्हाला दारात बघून मी चक्रावलेच. केसात गुलाल, श्वास लागलेला. "दुधीची फुलं सांजंला उमलत्यात, उद्या सकाळी मिटली तर काय करू?"

झालं होतं काय, दुधीला बोटाएवढे भोपळे धरायचे आणि पिवळे पडून गळायचे, रोज दोन-तीन. मी खताला दोष देत होते. त्या संध्याकाळी तुम्ही लांब देठाचं एक नर फूल तोडलंत, त्याच्या पांढऱ्या पाकळ्या अलगद मागे दुमडल्यात, आणि मादी फुलाच्या मध्यात टेकवून हलकेच फिरवलंत, त्या फुलामागे इवलासा भोपळा, त्यावर पांढरी लव. पोरीने मोबाईलचा टॉर्च धरला होता. अशी 5 फुलं केलीत. त्यातले 4 भोपळे धरले आक्का, पहिला पाडव्यानंतर काढला, त्याची भाजी तुम्हाला दिली ती तुम्ही "अळणी हाय" म्हणालात. होतीच अळणी.

गुरुवारी तुम्ही जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं आंबवलेलं पातळ खत, करायला लावलंत, 20 लिटरची निळी बादली, तुमच्या गाईचं किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, पाव-पाव किलोला थोडा कमी गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं काम पोरीला. शेजारची खिडकी तीन दिवस बंद होती, त्यांची माफी मी मागितलीय.

आणि शुक्रवारी मी झोपलेली असताना कात्री चालवलीत. उठून बघते तर मोगऱ्याची नुसती खुंटं, पान म्हणून शिल्लक नाही. मी तुम्हाला बोलले. बरंच बोलले, "विचारायचं तरी" वगैरे. तुम्ही काही न बोलता माती उकरत होतात, शेणखत घातलंत, पाणी दिलंत, आणि जाताना एवढंच, "मोगऱ्याला मया करायची नसती, कात्री लावायची असती." शनिवार-रविवारीही आलात, माझं तोंड फुगलेलं असून. ही गोष्ट मला जास्त लागलीय.

एक मात्र आधीच सांगते, तण म्हणून जी उपटून गाईला टाकलीत ती माझी रोझमेरी होती, 120 रुपयांची. तिचे आभार नाही मानणार. गाईने तरी खाल्ली का?

आता चैत्र चाललाय. खुंटांना दहा-बारा दिवसांत लालसर फूट आली, मग पानं, आणि काल सकाळी पाणी घालताना मोजायला गेले, 46 कळ्यांनंतर चुकले. आज संध्याकाळी पहिल्या ओंजळीचा गजरा करून पाठवतेय पोरीबरोबर, थोडा वाकडा झालाय, मला गाठ मारता येत नाही नीट.

हळदीकुंकू शुक्रवारी ठेवलंय. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, नेहमीचंच. पण तुम्ही बायका जमायच्या आधी, पाचला या, दुधीचा चौथा भोपळा मी बियांसाठी वेलावरच ठेवलाय, देठाला लाल दोरा बांधून, तो कधी काढायचा ते दाखवा. आणि तुमची निळी बादली घेऊन जा, धुतलीय दोनदा, वास काही जात नाही.