एमएसडब्ल्यूची मुलं उंबरठा ओलांडतात तेव्हा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम, पाहते. आमची मुलं अभ्यासात कमी नाहीत. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. अडतं ते मानसिक आजार असलेल्या किंवा दिव्यांग माणसाच्या घरात पाऊल टाकल्यावर.

पस्तिशीचा माणूस समोर खुर्चीत बसलेला असतो आणि आमची विद्यार्थिनी त्याच्या आईला विचारते, "हा जेवतो का नीट? गोळ्या घेतो का?" त्याच्याशी एक शब्द नाही. किंवा घरचे म्हणतात, "बाहेरचं आहे काहीतरी, नरसोबाच्या वाडीला नेऊन आणलंय." झालं! विद्यार्थी अंधश्रद्धेवर व्याख्यान सुरू करतो. व्याख्यानात चूक काही नसते, फक्त पुढच्या खेपेला दार उघडत नाही. आईचं सगळं ऐकून घेतल्यावर "देवाचं करा, पण सीपीआर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही चला, मी येतो सोबत" असं म्हणता येतं. ते कधी आणि कोणत्या सुरात म्हणायचं, हे जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच कळतं. ज्याला आवाज ऐकू येतात त्याच्याशी वाद घालायचा नाही आणि होला होही करायचं नाही, मग बोलायचं काय? आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर तो विचार डोक्यात भरेल, ही भीती तर शिकवणाऱ्यांतही भेटते. तसं होत नाही. विचारावंच लागतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सायकिॲट्रिक सोशल वर्कर (मानसिक आरोग्यातला समाजकार्यकर्ता) व्हायला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. ठीकच आहे. पण तेवढा शिकलेला माणूस गगनबावड्याच्या नाहीतर चंदगडच्या वस्तीवर कितीदा पोहोचणार? तिथं जातो तो साधा एमएसडब्ल्यू. जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणजे आंबा घाट उतरून रत्नागिरी. तिथून परतलेल्या माणसाला घरात, रानात, कामावर पुन्हा रुळवायचं काम याच मुलांच्या अंगावर पडतं. दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, तहसीलचे हेलपाटे वेगळेच.

म्हणून मागणी अशी, की क्षेत्रकार्याचं एक पूर्ण सत्र मानसिक आजार आणि दिव्यांगत्वासाठी सक्तीचं करा, तेही प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या हाताखाली. त्या मार्गदर्शकाला मानधन द्या. मी पाहते तिथं हे काम मूळ नोकरी सांभाळून, भिडेखातर होतं आणि तसंच दिसतं. मुलांना निदान एसटीचं भाडं तरी मिळावं.

दुसरं, दिव्यांग व्यक्ती आणि मानसिक आजारातून सावरलेली माणसं वर्गात शिकवायला बोलवा, विद्यार्थ्यांना गुण द्यायलाही. हारतुरे नकोत, मानधन हवं. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून १९८४ साली याच शहरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. अशा गावातल्या वर्गात दिव्यांग माणूस केवळ 'केस' म्हणून यावा, याची मला लाज वाटते.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपुढे हा विषय यायला आपल्या खात्याचं एक पत्र पुरेल. क्षेत्रकार्याच्या जागा सत्र सुरू होण्याआधीच ठरतात, तेव्हा ते मेअखेर निघालं तर येत्या वर्षाच्या मुलांना उपयोग होईल.

आपली,
एक क्षेत्रकार्य मार्गदर्शक, कोल्हापूर