आरोग्यपत्रिका चांगली, म्हणून जमीन विषमुक्त नव्हे

मा. संपादक,

रब्बीची काढणी उरकली की गावोगाव माती परीक्षणासाठी नमुने काढले जातात. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभ, चाकण, रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यालगतचे आणि हवेली-दौंडमध्ये मुळा-मुठेच्या पाण्यावर बागायत करणारे शेतकरी आम्हा माती तपासणाऱ्यांना विचारतात, ‘पत्रिकेत सगळं ठीक आहे, मग पीक का जळतं?’ त्याचे उत्तर पत्रिकेत सापडत नाही. 2015 पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्यपत्रिकेत सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन असे 12 घटक असतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, सॉल्व्हंट (कारखान्यात वापरले जाणारे, चटकन उडून जाणारे द्रावक), कीटकनाशकांचे अंश यांतले काहीही तिथे नसते. तांबे आणि जस्त दिसतात, पण पिकाला उचलता येईल तेवढेच. जमिनीत एकूण किती साठले आहे ते नव्हे.

त्याहून मोठी अडचण नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे. खताच्या शिफारशीसाठी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती कालवतात आणि चार भाग करत करत अर्धा किलो उरवतात. दूषणाचा संशय असेल तिथे हीच रीत घात करते. दहापैकी ओढ्याकाठच्या एकाच जागी किलोला 600 मिलिग्रॅम शिसे आणि बाकी नऊ जागी 20 असेल, तर कालवलेल्या नमुन्यात 78 येते. विषारी तुकडा कागदावरून पुसला जातो.

म्हणून आधी वावर पायी फिरावे. टँकर कुठे रिकामे होत, भराव कुठून आला, बॅटऱ्या कुठे फोडल्या, कारखान्याचा गाळ खत म्हणून कुठे पसरला, हे जुन्या माणसांना विचारावे. ओल असूनही तण न उगवणारी जागा, पिवळे-हिरवट डाग, पाण्यावरचा तेलकट तवंग यांची नकाशावर खूण करावी. वासाची खात्री करायला माती नाकाशी नेऊ नये आणि पुरलेले पिंप सापडले तर ते उघडू नये. प्रत्येक संशयित तुकड्याचा नमुना वेगळा ठेवावा. 0 ते 15, 15 ते 30 आणि 30 ते 60 सेंटिमीटर असे थर निरनिराळे घ्यावेत, कारण उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांतून सांडपाणी थेट खाली उतरते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत शिसे वरच अडकून बसते. हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) मात्र पाण्याबरोबर सरकत विहिरीपर्यंत जाऊ शकते. शेजारच्या विहिरीचे पाणीही त्याच दिवशी घ्यावे.

जस्ताचा मुलामा दिलेले घमेले, रंगवलेले फावडे आणि युरियाची रिकामी गोणी वापरू नये. स्टेनलेस स्टीलचे गिरमिट (माती काढायचा ऑगर) किंवा खुरपे घ्यावे, दर खड्ड्यानंतर धुवावे, हातमोजे बदलावेत, आणि स्वच्छ जागेकडून संशयित जागेकडे जावे. धातूंसाठी नवी प्लॅस्टिकची पिशवी चालते. कीटकनाशके आणि सॉल्व्हंटसाठी काचेची बरणीच हवी. सॉल्व्हंटचा नमुना कालवायचा नाही, वाळवायचा नाही. बरणी काठोकाठ भरून बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवायची. तो वर्तमानपत्रावर वाळत घातला की जे शोधायचे तेच उडून जाते आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो.

आणखी एक नमुना सर्रास राहून जातो, तो तुलनेचा. त्याच प्रकारच्या मातीचा, ओढ्याच्या वरच्या अंगाचा, सांडपाणी कधीच न पोचलेला नमुना घ्यायलाच हवा. आपली माती बेसाल्टपासून झालेली आहे. तिच्यात किलोला 100 मिलिग्रॅमच्या आसपास तांबे निसर्गतःच असू शकते. निकेल आणि क्रोमियमचेही तसेच. तुलना नसेल तर निरोगी जमिनीला बट्टा लागतो, किंवा ‘इथली माती अशीच’ म्हणून खरे दूषण खपवले जाते.

प्रयोगशाळेची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता चाचणीनिहाय असते. मातीतल्या कॅडमियमसाठी ती आहे का, हे आधी विचारावे आणि धातूंचे ‘एकूण प्रमाण’ हवे असे लेखी द्यावे. प्रत्येक नमुन्यावर जागेचा जीपीएस, खोली, तारीख, वेळ लिहून सील करावे. तलाठी किंवा कृषी सहायकांसमोर पंचनामा झाला तर उत्तमच.

दूषित जागांबाबतच्या 2025 च्या केंद्रीय नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या आहेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. पुणे जिल्ह्याची ही यादी तालुकावार जाहीर व्हावी, आणि माती परीक्षणाच्या मोहिमेत निदान औद्योगिक पट्ट्यालगतच्या गावांसाठी जड धातूंची चाचणी मोफत जोडावी, अशी आमची कळकळीची मागणी आहे. तोवर शेतकऱ्यांनी जिल्हाधिकारी आणि मंडळ या दोन्हीकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे भरपाईचा अर्ज नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सर्वसाधारणपणे 5 वर्षांच्या आत करावा लागतो.

– माती व पाणी तपासणी क्षेत्रातील काही वाचक, पुणे