पांढरं फिलिंग का निघतं?

संपादक साहेब, नमस्कार.

मी ऐरोलीत बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवते. सारखं कोणीतरी येतं आणि म्हणतं, डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी दातात सिमेंट भरलेलं ते निघालं, मटेरियल हलकं असणार. तसं नेहमी नसतं हो. दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, रेझिन (पांढऱ्या फिलिंगचं प्लास्टिकसारखं मटेरियल) छान चिकटतं, अमेरिकन दंतवैद्य बुओनोकोर यांनी १९५५ मध्येच ते दाखवलं, पण आतला थर, डेंटिन, ओलसर, त्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू, आपण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावून ते उघडे करतो आणि बाँड (फिलिंग चिकटवणारा द्रव) तळापर्यंत पोचला नाही की तिथे पाणी राहतं, ते रेझिनला पोखरतं आणि डेंटिनमधलीच एन्झाइम्स ते उघडे तंतू हळूहळू तोडत जातात. पहिल्या दिवशी घट्ट वाटणारा जोड असा आतून सुटतो.

यावर उपाय आहेत. डेंटिनवर ॲसिड १५ सेकंदांच्या वर ठेवायचं नाही, दात ठणठणीत कोरडा करायचा नाही, बाँड नीट चोळून त्यातला द्रावक हवेने उडवायचा. २ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावलं तर एन्झाइम्सना काही काळ आळा बसतो, कायमचा नाही. आणि रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून लावायचा रबराचा पातळ पडदा! तो लावला की थुंकी लागत नाही, पण पेशंटला घाई असते, लोकल पकडायची असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो वगळतात, मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या आरोग्य पानावर यावर एकदा सविस्तर छापा ना, म्हणजे लोक खुर्चीत बसल्यावर 'किती वेळात होईल' सोबत 'रबर डॅम लावणार का' हेही विचारतील.

एक दंतवैद्य, ऐरोली, नवी मुंबई