शेयकाचं भंगार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू मोबाईलवर शेयकाचं चित्र पुढे धरून म्हणालीस, "बाबा, हे बघा, आपलं दुकान!" तेव्हा काट्यावर माल होता, धड बघता आलं नाही. तू पाठवलेलं सगळं आता रात्री निवांत वाचलं.

सर्बियातल्या बेलग्रेडचा चित्रकार लेओनिद शेयका. जन्म १९३२चा. शिकला तुझ्यासारखाच आर्किटेक्चर, आणि आयुष्यभर रंगवल्या टाकून दिलेल्या वस्तू. ओल्या इवान्यित्स्की, मिरो ग्लावुर्तिच यांच्याबरोबर त्यानं 'मेदियाला' हा कलावंतांचा गट काढला. तिकडच्या भाषेत 'मेद' म्हणजे मध (आपल्या मधाच्याच गोतातला शब्द!) आणि 'आला' म्हणजे तिकडच्या लोककथांतली, गारपीट आणून पिकं खाणारी राक्षसीण. दोन्ही एकाच नावात.

पण मी अडकलो ते वेगळ्याच ठिकाणी. तो स्वतःला 'वर्गवारी करणारा' म्हणवून घ्यायचा. अगं, मी सव्वीस वर्षं दुसरं काय करतोय? नळाची तोटी आली की कानशीनं एक ओरखडा काढायचा. आत पिवळी निघाली तर पितळ, पांढुरकी निघाली तर जस्त. त्या क्षणी ती तोटी राहत नाही, किलोचा भाव होते. शेयका हेच सांगतो: उकिरड्यावर वस्तूचं काम सुटतं, नाव सुटतं. मी तिथून ती भट्टीकडे पाठवतो. तो तिच्यासमोर बसून राहिला. शहर, उकिरडा आणि किल्ला अशी त्याची मांडणी होती, त्यातला उकिरडा तर मी रोज बघतो. पण असा कधी बघितला नव्हता.

आर्किटेक्चरची तीन वर्षं फुकट गेली, असं तू आईजवळ म्हणालीस. मला तसं वाटत नाही. एवढा पसारा त्यानं कागदावर उभा केला, तो मोजायला शिकलेल्या डोळ्यानंच. व्लादिमीर वेलिच्कोविचही तिथलाच, १९६०चा आर्किटेक्ट. पुढे पॅरिसला जाऊन मोठा चित्रकार झाला. तुला चित्रंच काढायची असतील तर काढ, मी आड येणार नाही. पण डिग्री पुरी कर.

शेयका १९७० साली गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. ते वाचून जीव हळहळला.

शिलाई मशीनचं एक बिडाचं चाक आणि तळ गेलेला बंब मागच्या पत्र्याखाली बाजूला काढून ठेवलाय. दोनदा गिऱ्हाईक येऊन गेलं. तू येऊन त्यांची चित्रं काढेपर्यंत देणार नाही.

तुझे
बाबा