कळण्याची भाकरी सोडू नकोस

अमळनेर,
२० एप्रिल

प्रिय सुनील,

कसा शे भो? रक्तातली साखर वाढल्याचं तू कळवलंस, तेव्हापासून तुझ्या त्या आहाराच्या तक्त्याचाच विचार चालू आहे. भाकरी बंद, उडीद बंद, केळी बंद आणि त्याऐवजी डब्यातली फायबरची पावडर! गोळ्या आणि तपासण्या डॉक्टर सांगतील तशाच चालू ठेव, त्यात मी पडणार नाही. पण इतकी वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर हा तक्ता वाचून गप्प बसवत नाही. नुसतं धान्याचं नाव वाचून ते पोटात काय करील हे सांगता येत नाही रे. ते किती भिजलं, आंबलं का, कसं शिजलं, गरम खाल्लं की गार, आणि त्याचा कोंडा कुठे गेला, हे सगळं बघावं लागतं.

सध्या आमच्या गल्लीत बिबड्यांचे, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पापडांचे, दिवस आहेत, म्हणून तिथूनच सुरू करतो. ज्वारी दोन-तीन दिवस पाण्यात राहते, पाण्याला आंबूस वास येतो, तेव्हा लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागलेले असतात. ज्वारीत फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त मुठीत धरून ठेवतं, आतड्यात सुटू देत नाही. धान्यातच फायटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते फायटिक आम्ल तोडतं. कोरड्या पिठात ते निपचित असतं. ओल आणि थोडा आंबटपणा मिळाला की जागं होतं.

ज्वारीच्या प्रथिनाची गोष्ट तर मला फारच महत्त्वाची वाटते. तिचं मुख्य प्रथिन काफिरिन. पाण्यात शिजवताना त्याच्या रेणूंमध्ये गंधकाचे बंध जुळतात, जाळं घट्ट होतं आणि पाचकरसांना ते फोडणं जड जातं. बहुतेक धान्यं शिजवली की पचायला सोपी होतात, ज्वारीचं प्रथिन मात्र उलट वागतं! आंबवण्याने ही अडचण बरीच कमी होते. सुदानमध्येही ज्वारीचं पीठ आंबवूनच किसरा नावाची पातळ पोळी करतात. आपल्या बायकांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकलं नव्हतं, पण ज्वारी आंबवून, भरडून, मग शिजवायची हा क्रम त्यांनी पक्का धरला. याचं मला खरंच अप्रूप आहे.

अर्थात बिबड्यांत कोंडा पाखडून काढतात आणि भिजवलेल्या पाण्याबरोबर थोडी खनिजंही जातात. म्हणून तुझ्यासाठी बिबड्यांपेक्षा कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी बरी. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरतात. आणि उडीद सालासकट दळलेला असतो. ते साल आणि ज्वारीचा कोंडा आपल्याला पचत नाही, पण त्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात. म्हणजे आंबवणं भांड्यात संपत नाही, पोटातही चालूच असतं. पीठ मात्र चाळू नकोस. चाळून उरलेलं टाकायचं आणि वर पावडर विकत घ्यायची, हे मला पटत नाही.

आता स्टार्च. शिजताना त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, सैल होतात, आणि मग त्याची साखर लवकर होते. गार झाल्यावर त्यातला थोडा भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. सकाळची भाकरी संध्याकाळी खाण्यात एवढा फरक आहे. फार मोठा नाही, पण आहे. बट्टीसुद्धा उकडून गार करूनच कापतात. पण पुढे ती तुपात तळतात, त्यामुळे हे कारण सांगून चार बट्ट्या खाऊ नकोस! केळीचंही असंच. रावेर-यावलच्या बागेतला हिरवा घड, पाणी सोडलं तर, बहुतांश स्टार्चच असतो, पिकताना त्याची साखर होते. तक्त्यात मात्र नुसतं ‘केळी’ लिहिलंय. हिरव्या केळ्याची भाजी आणि काळे ठिपके पडलेलं पिकलं केळ एकाच ओळीत कसं बसेल?

भरिताला तरी कोणी हात लावला नाही, हे बरं झालं. कापलेलं वांगं त्याच्या विकरामुळे काळं पडतं; काड्यांच्या जाळावर अख्खं भाजलं की साल फाटायच्या आत ते विकर मरतं. फक्त वर तेल बेताने घाल.

परवा एसटीच्या पार्सलने कळण्याचं पीठ पाठवतोय. एक दिवस नेहमीचं जेवण घे, दुसऱ्या दिवशी कळण्याची एकच भाकरी, सोबत भरीत. दोन्ही दिवशी जेवणानंतर दोन तासांनी साखर मोज आणि ते आकडे डॉक्टरांना दाखव. मलाही कळव. आणि तो तक्ता देणाऱ्याला विचार, ‘भाकरी बंद’ म्हणजे नेमकी कुठली भाकरी?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
भास्कर