पाणी कुठपर्यंत आलं होतं?

बडोदे, १८ मे २०२५

प्रिय नंदू,

घर मिळालं. परवा फोनवर एवढंच सांगितलं आणि आईने हाक मारली म्हणून ठेवून दिला. जूनमध्ये तुझी सई इथे फाइन आर्ट्सला येणार, तिच्यासाठी खोली बघायची, तेव्हा सगळं नीट लिहून कळव म्हणालास. म्हणून आज रविवारचा बसलो आहे.

सात आठवड्यांत एकोणीस घरं पाहिली. मी कंपनीच्या गेस्टहाउसवर, आई पुण्याला ताईकडे. दर रविवारी सकाळी दलालाच्या स्कूटरवर मागे बसायचं आणि मांजलपूर, वाघोडिया रोड, गोत्री, अकोटा असं ऊन चढेपर्यंत हिंडायचं. दलालांचे प्रश्न ठरलेले : फॅमिली आहे का, नोकरी कुठे, व्हेज की नॉनव्हेज. माझा प्रश्न एकच होता आणि तो मी गुजरातीत पाठ करून घेतला होता : "गया चोमासामां पाणी क्यां सुधी आवेलुं?" गेल्या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं?

हा प्रश्न मी भाड्याच्या आधी का विचारतो, ते तुला सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा आईला माळ्यावर चढवायला तूच होतास. नंतर आठ दिवस आपण दोघांनी फावड्याने चिखल ओढला. बाबांचे सगळे फोटो त्या चिखलात गेले. आई अजूनही जोराचा पाऊस लागला की पहिल्यांदा कपाटाचा खालचा खण रिकामा करते. तिला पुन्हा तसल्या घरात न्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. बाकी सगळ्याला मी तडजोड करणार होतो.

आणि बडोदं पाण्याच्या बाबतीत आपल्या चिपळूणचंच भावंड आहे. विश्वामित्री पावागडच्या बाजूने येते आणि शहराच्या मधोमध वळणं घेत जाते. एरवी बघशील तर पुलावरून खाली झुडपं आणि बारीकसं पाणी, त्यात मगरी. पण वर पावागडाकडे आणि अजव्याला पाऊस झाला, की सयाजीरावांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या त्या अजवा तलावाचं जास्तीचं पाणी नदीतच येतं. त्यामुळे शहरातला पाऊस थांबला तरी नदी चढतच राहते. आपण ऊन पडलं म्हणून निर्धास्त व्हायचं आणि पाणी दारात. गेल्या ऑगस्टात काळ्या घोड्याच्या पुलापाशी पातळी ३५ फुटांच्या वर गेली होती. सोसायट्यांमधून मगरी धरून न्याव्या लागल्या. पूर्वी नदीच्या काठाने कोतरं, म्हणजे घळी, होती, जादा पाणी तिथे पसरायचं. ती भरून त्यावर इमारती उभ्या राहिल्या. हे मला फार लागतं. आपल्याकडेही तेच केलं आपण.

अकोट्याच्या बाजूला एक तळमजल्याचा टू बीएचके बघितला. ऐसपैस, समोर गुलमोहर, भाडं पंधरा हजार. मालक म्हणाले, "ना ना, अहीं कशुं नथी." पण भिंतीला ताजा रंग, तोही फक्त कमरेपर्यंत. दारांना खालून वीतभर नवं प्लायवूड. आणि विजेची सगळी बटणं छातीच्या उंचीवर नेलेली. मी काही बोललो नाही. खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. त्याने हात पट्ट्यापाशी धरला. "इतना. तीन दिन." नंदू, हे लक्षात ठेव : पाण्याचं मालकाला विचारू नये, दलालाला तर नाहीच. इस्त्रीवाला, दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, यांना विचारावं. त्यांची टपरी वाहून गेलेली असते, ते खरं सांगतात.

नॉनव्हेजचं मी एकदाही खोटं बोललो नाही. पाच ठिकाणी त्यावरूनच दार बंद झालं. आई शहात्तरची आहे, तिला आठवड्यातून एकदा सोड्याची, सुक्या कोलंबीची, भाजी लागते, ती चोरून करायला लावायची तिला? दलाल म्हणाला, कोण बघायला येतंय. मी दलाल बदलला.

सगळ्यात जीव अडकला तो दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात. आईला तिथेच राहायचं होतं, कारण रस्त्यावर मराठी ऐकू येतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, लाकडी कठडा, खाली चौक, भाडं फक्त आठ हजार. पाण्याची भीती नाही. पुण्याहून आई आली तेव्हा मुद्दाम दाखवायला नेलं. जिना अगदी उभा, धरायला वरून दोर सोडलेला. आई पाच पायऱ्या चढली आणि सहाव्या पायरीवर बसली. म्हणाली, "घर छान आहे रे, पण मी वर गेले की खाली येणार नाही." मालकांनी तिला खालीच ओट्यावर बसवून चहा दिला. परतताना ती रिक्षात काही बोलली नाही. मलाही बोलवेना.

शेवटी मांजलपुरात घर मिळालं, तेही दलालाकडून नाही. भाजीवालीने सांगितलं. इथे स्वतंत्र घरांना टेनामेंट म्हणतात, तसं आहे. खाली आम्ही, वर मालकीणबाई. चार पिढ्या बडोद्यातल्या, मराठी आपलीच पण मध्ये मध्ये गुजराती : "बारी उघडी ठेवा ने, वारा सरस येतो." मी जोतं मोजलं, रस्त्यापासून साडेतीन फूट. इस्त्रीवाल्याने सांगितलं की पाणी तिसऱ्या पायरीला लागून उतरलं, चौथी कोरडी राहिली. बाईंना सोड्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "करा की, वाटीभर वर पाठवा." भाडं साडेबारा हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. आईने पहिल्या दिवशी कपाटाचा खालचा खण भरला. मी मुद्दाम लिहितो आहे, कारण याचा अर्थ तुला एकट्यालाच कळेल.

आता सईचं. आधी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरा, मिळालं तर त्याच्यासारखं नाही. नाहीतर फतेहगंज किंवा सयाजीगंज, दोन्ही कॉलेजपासून जवळ आणि दोन्ही नदीपासूनही जवळ. म्हणून तळमजला घ्यायचाच नाही, भाडं कितीही कमी असलं तरी. करार अकरा महिन्यांचाच करतात, कारण वर्षाच्या पुढचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो. पण म्हणून कागद न करता राहू नका. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको. पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद मालकाने करायची असते, ती झाली का विचारा. राहायला जाण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवा. माझ्याकडून आधीच्या भाडेकरूच्या विजेचे बाराशे रुपये मागितले होते, फोटो होता म्हणून सुटलो. आणि स्क्वेअर फूट सांगतील त्यावर जाऊ नका. एका फ्लॅटला अकराशे सांगितले, मी टेप लावली तर आतली जागा साडेसहाशेही भरेना.

दहा जूनच्या आत ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी. दोन दिवस माझ्याकडे राहा, आपण तिघं फिरून खोली बघू. सकाळी सेव-उसळ खाऊ घालतो. विश्वामित्रीवर नेतो, नदी आधी डोळ्यांनी बघून घे, मग लेकीला इथे ठेव. वहिनींना नमस्कार सांग. येताना आईसाठी पावशेर सोडे आण, आणि वर द्यायला अजून पावशेर.

तुझा,
अवि