‘वैध व्याज’ कुणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला कुकीजवरचा, म्हणजे संकेतस्थळे आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींवरचा, लेख वाचला. ‘जीडीपीआरने कुकीजसाठी परवानगीची अट घातली’ हे विधान निम्मेच खरे. युरोपीय संघाच्या त्या माहिती-संरक्षण कायद्याच्या ९९ कलमांत कुकी हा शब्द औषधालाही सापडत नाही. येतो तो प्रास्ताविकाच्या तिसाव्या परिच्छेदात. अट आहे युरोपीय संघाच्याच ई-प्रायव्हसी निर्देशातली, २००९ च्या दुरुस्तीने आलेली. परवानगी कशाला म्हणायचे, ते मात्र जीडीपीआरने पक्के केले. असो.

आता हाच लेख आपल्या संकेतस्थळावर उघडा. इनकॉग्निटो विंडो घ्या, एफ-१२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’मधल्या ‘कुकीज’वर जा आणि संमती विचारणाऱ्या बॅनरच्या एकाही बटणाला हात लावू नका. यादी तरीही भरते! वाचकांची मोजणी करणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सची ‘अंडरस्कोर जीए’ (_ga) ही कुकी हजर. ती मुदत मागते दोन वर्षांची. क्रोम ती ४०० दिवसांवर छाटतो, एवढीच वाचकावर मेहेरबानी. कारण साधे आहे. मोजणीची स्क्रिप्ट पानाच्या डोक्यावर बसवली आहे आणि ती बॅनरच्या उत्तरासाठी थांबतच नाही. संमती मिळेपर्यंत ती रोखून धरायची, एवढेच काम. लॉगिन टिकवणाऱ्या कुकीला परवानगी लागत नाही, तेव्हा तिचे निमित्त सांगू नये.

बॅनरही पाहण्यासारखा आहे. ‘सर्व स्वीकारा’ ठसठशीत, एका टिचकीचे. नाकारायचे तर आधी ‘पर्याय’, मग जाहिरात-भागीदारांची लांबलचक यादी, मग पार तळाशी ‘निवड जतन करा’. स्वीकार सोपा आणि नकार अवघड ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता. यादीतली बटणे तर आधीच चालू करून ठेवली आहेत. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजीच सांगितले आहे.

‘दर आठवड्याला कुकीज पुसा’ हा लेखातला सल्लाही अर्धवट. वाचकाने दिलेला नकार बहुधा कुकीतच साठवलेला असतो. सगळे पुसले की तोही जातो आणि बॅनर पुन्हा दारात उभा. त्यापेक्षा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये थर्ड-पार्टी, म्हणजे इतर कंपन्यांच्या, कुकीज बंद करायला सांगायचे.

जाता जाता, त्या यादीतले मराठी कुणी तपासले? संमतीशिवाय माहिती वापरण्यासाठी पुढे केले जाणारे कायदेशीर कारण म्हणजे ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’; त्याचे भाषांतर चक्क ‘वैध व्याज’! मुद्दल वाचकाचे आणि व्याज जाहिरातदारांचे, हे चुकून खरे बोलले गेले असावे. तरी तिथे ‘रास्त हितसंबंध’ करून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक